दर वाढला, आता हप्ता वाढवू की मुदत?

गेल्या दिवाळीनंतर नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात काम करणारे एक वाचक गृहकर्जाचं स्टेटमेंट घेऊन भेटायला आले. २०२१ मध्ये पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घेतलेला, कर्ज तीस लाखांचं, मुदत वीस वर्षांची. चार वर्षांत त्यांचा एकही हप्ता चुकला नव्हता. त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे उरलेल्या हप्त्यांचा आकडा होता. कर्ज घेताना हप्ते होते २४०. चार वर्षं भरून झाल्यावर उरले होते अडीचशेच्या वर.

“भरतोय मी, आणि वाढतायत हप्ते. बँकेची चूक तर नाही ना?”

बँकेचा हिशेब बरोबर होता. चूक झाली होती ती दुसरीच. व्याजदर वाढल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता आणि त्यांनीही कुणाला विचारला नव्हता. मुदत आपोआप लांबली होती.

असे प्रश्न घेऊन येणारे वाचक आता इतके झाले आहेत की एकदा सगळं सविस्तर लिहायलाच हवं. व्याजदर तुमच्या हातात नाही. पण वाढलेल्या दराचा भार कसा उचलायचा हे ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे, आणि तो वापरला नाही तर किती महागात पडतं याचा आकडा पुढे दिला आहे.

बाजार तेजीत असताना व्याज का वाढतं?

“सगळीकडे कामं निघालीत, सिंहस्थ कुंभमेळ्याचे रस्ते होतायत, मखमलाबादपासून आडगावपर्यंत इमारती उभ्या राहतायत. देश पुढे चाललाय म्हणतात, मग आमचंच कर्ज महाग का?” हा दुसरा नेहमीचा प्रश्न. निर्णयापुरतं उत्तर थोडक्यात देतो.

सगळ्यांना एकाच वेळी घर, गाडी, सिमेंट, मजूर हवा झाला की भाव चढतात. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर २ ते ६ च्या पट्ट्यात ठेवणं ही रिझर्व्ह बँकेची जबाबदारी आहे. भाव त्याबाहेर गेले की ती रेपो दर वाढवते, म्हणजे बँकांना ती ज्या दराने उसने पैसे देते तो दर. नोटा छापल्या जातात आपल्या नाशिकरोडला, पण पैशाचा भाव ठरतो मुंबईत, दर दोन महिन्यांनी होणाऱ्या पतधोरण समितीच्या बैठकीत.

एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली होती. युक्रेनचं युद्ध, महागलेलं तेल आणि करोनानंतर उसळलेली मागणी, सगळं एकत्र आलं. पुढचा क्रम असा होता:

- ४ मे २०२२ : वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो ४.०० वरून ४.४०
- ८ जून २०२२ : ४.९०
- ५ ऑगस्ट २०२२ : ५.४०
- ३० सप्टेंबर २०२२ : ५.९०
- ७ डिसेंबर २०२२ : ६.२५
- ८ फेब्रुवारी २०२३ : ६.५०

नऊ महिन्यांत अडीच टक्के. त्यानंतर ७ फेब्रुवारी २०२५ पर्यंत, म्हणजे तब्बल दोन वर्षं, हा दर तसाच राहिला. त्याच काळात, २०२३-२४ मध्ये, तेव्हाच्या आकडेवारीनुसार अर्थव्यवस्था ८ टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत होती. वाढ जोमदार असली की रिझर्व्ह बँकेला दर उतरवण्याची घाई नसते.

२०२५ मध्ये दर चार वेळा कमी झाला आणि ५ डिसेंबरला ५.२५ वर आला. गंमत अशी वाटेल की तेव्हाही, जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत, वाढ ८.२ टक्के होती. फरक महागाईचा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती अवघी ०.२५ टक्के होती. म्हणून तुम्हाला पुढचा अंदाज बांधायचा असेल तर विकासदराच्या मथळ्यांपेक्षा दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास येणारा महागाईचा आकडा पाहा. तो सलग काही महिने ५-६ च्या दिशेने चढू लागला की आपल्या हप्त्याची चौकशी सुरू करा.

आधी पाहा : तुमचं कर्ज कशाला बांधलेलं आहे?

सँक्शन लेटर काढा. ‘व्याजदर’ या रकान्यापुढे काय लिहिलंय ते वाचा. त्यावरच सगळं अवलंबून आहे.

- रेपोशी जोडलेलं कर्ज. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी बदलत्या दराने दिलेली सगळी नवी गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी, जोडलेली आहेत. दर तीन महिन्यांतून किमान एकदा बदललाच पाहिजे. वाढ लवकर लागते आणि घटही लवकर मिळते.
- एमसीएलआरवरचं, म्हणजे बँकेने स्वतःच्या निधीच्या खर्चावरून ठरवलेल्या दराचं कर्ज. एप्रिल २०१६ ते सप्टेंबर २०१९ या काळातलं. दर बहुधा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने बदलतो. घट उशिरा येते.
- बेस रेट किंवा त्याहून जुनं. २०१६ च्या आधीचं कर्ज अजून चालू असेल तर आजच बँकेत जा. इथे लोक विनाकारण जास्त व्याज भरत राहतात.
- गृहवित्त कंपनीचं कर्ज. या कंपन्यांना रेपोशी दर जोडण्याची सक्ती नाही. त्या स्वतःचा मूळ दर ठरवतात. रेपो उतरला की तुमचा दर तितकाच उतरेल, असं गृहीत धरू नका.
- नागरी सहकारी बँकेचं कर्ज. नाशिकमध्ये अशी कर्जं पुष्कळ आहेत. यांनाही रेपोची सक्ती नाही. दर कधी आणि कशाने बदलतो, हे कर्जाच्या करारातच शोधावं लागतं.

दुसरी गोष्ट, रेपोवर बँक जो अधिकचा टक्का लावते तो. एखाद्याचा दर ‘रेपो अधिक २.६५’ असेल आणि शेजाऱ्याचा ‘रेपो अधिक २.१०’, तर रेपो कितीही हलला तरी दोघांमधली दरी तशीच राहते. नव्या ग्राहकाला ओढण्यासाठी बँका हा टक्का कमी ठेवतात आणि जुना ग्राहक जुन्याच टक्क्यावर राहतो. तुमच्याच बँकेचा आजचा नव्या ग्राहकाचा दर विचारा. फरक पाव टक्क्याहून जास्त असेल तर पुढे वाचा.

हप्ता की मुदत : खरा हिशेब

आता त्या वाचकांचा कागद पुन्हा उघडू. आकडे सोपे व्हावेत म्हणून सगळी दरवाढ एकाच दिवशी लागू झाली असं धरलं आहे. प्रत्यक्षात ती टप्प्याटप्प्याने लागते, पण चित्र हेच राहतं.

तीस लाख, वीस वर्षं, २०२१ मध्ये तेव्हा सहज मिळणारा ६.७० टक्के दर. हप्ता २२,७२२ रुपये. दोन वर्षं भरल्यावर मुद्दल उरलं सुमारे २८ लाख ४७ हजार आणि हप्ते उरले २१६. इथे दर ९.२० झाला. या रकमेवरचं एका महिन्याचं नुसतं व्याजच झालं २१,८२८ रुपये. म्हणजे २२,७२२ च्या हप्त्यातून मुद्दलाला मिळाले ८९४ रुपये. फक्त.

पुढची दोन वर्षं त्यांनी असेच ५ लाख ४५ हजार रुपये भरले. मुद्दल कमी झालं २३ हजार ४०० च्या आसपास. हे वाक्य सावकाश वाचा. सकाळच्या पाळीला सात वाजता गेटवर हजर राहून मिळवलेल्या पैशांतले साडेपाच लाख गेले आणि घराचं कर्ज जागचं हललं नाही.

दर वाढला त्या दिवशी त्यांच्यापुढे असलेले पर्याय असे होते:

- हप्ता तोच, २२,७२२ : मुदत १८ वर्षांवरून ३५ वर्षांच्या पुढे, ४२४ हप्ते.
- हप्ता २५,००० : साडेबावीस वर्षं, सुमारे २७० हप्ते.
- मुदत तीच, १८ वर्षं : हप्ता २७,०१८.

दर तसाच राहिला असता तर पहिल्या आणि तिसऱ्या पर्यायात एकूण भरण्याचा फरक पडला असता जवळजवळ ३८ लाखांचा. घेतलेल्या कर्जापेक्षा जास्त! पण माझं लक्ष मधल्या पर्यायाकडे जातं. ४,३०० रुपये दरमहा वाढवणं त्यांना जमलं नसतं, मुलीची दहावी होती. पण २,२७८ रुपये जमले असते. तेवढ्या वाढीने साडेबारा वर्षांहून अधिक मुदत वाचत होती. दर चढलेला असतो तेव्हा हप्त्यातले पहिले दोन हजार सगळ्यात जास्त काम करतात, कारण ते थेट मुद्दलात जातात.

आणि हातात एकरकमी पैसे असते तर? त्याच दिवशी बोनसचा एक लाख कर्जात भरला असता तर हप्ता न वाढवताही ४२४ चे ३४३ हप्ते झाले असते. एका लाखाने पावणेसात वर्षं.

“पण दर तर नंतर उतरले ना?” उतरले. दर ९.२० वरून ७.९५ वर आला असं धरा. हप्ता तोच २२,७२२ ठेवला तर आज उरतात सुमारे २६२ हप्ते, म्हणजे पावणेबावीस वर्षांहून थोडे जास्त. मूळ हिशेबाने उरायला हवे होते १९२. वाढीच्या काळात लांबलेली मुदत दर उतरल्यावर आपोआप जागेवर येत नाही. ती आणावी लागते. हे वाचक चाळिशीच्या पुढे आहेत. मूळ मुदतीत कर्ज निवृत्तीच्या आत संपत होतं, आता निवृत्तीनंतरही काही वर्षं चालू राहील. त्यांनी हप्ता २६,००० च्या घरात नेला तर पुन्हा सोळा वर्षांत सुटतील.

म्हणून माझा सल्ला अगदी सरळ आहे. दर वाढला की हप्ता झेपेल तेवढा वाढवा, पूर्ण नाही तरी अर्धा. दर उतरला की हप्ता कमी करून घेऊ नका, मुदत कमी होऊ द्या. अपवाद एकच. घरात आजारपण आहे, नोकरी डळमळीत आहे, अंबडच्या तुमच्या कारखान्यात ओव्हरटाइम बंद झालाय, तर मुदत वाढवून हप्ता सांभाळा, त्यात कमीपणा नाही. हप्ता थकणं हे मुदत लांबण्यापेक्षा वाईट. फक्त हा निर्णय तुमचा असू द्या, आणि वर्षभराने पुन्हा उघडून पाहा.

तुमचे हक्क कोणते?

रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने बदलत्या दराच्या कर्जांसाठी नियम घातले. ते बँका, सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्या, सगळ्यांना लागू आहेत. खालचे पहिले पाच हक्क त्यातले आहेत, शेवटचे दोन रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या नियमांतले.

- दर बदलल्याने हप्ता किंवा मुदत वाढत असेल तर तुम्हाला तात्काळ कळवलं पाहिजे.
- हप्ता वाढवणं, मुदत वाढवणं किंवा दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय तुम्हाला दिला पाहिजे.
- कर्जाचा काही भाग किंवा पूर्ण कर्ज कधीही फेडता आलं पाहिजे.
- मुदत इतकी लांबवता येत नाही की हप्ता व्याजालाही पुरू नये आणि मुद्दल वाढत जावं.
- दर तिमाहीला स्टेटमेंट मिळालं पाहिजे. त्यात आजवर भरलेलं मुद्दल, भरलेलं व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर हे सगळं सोप्या शब्दांत असलं पाहिजे.
- वैयक्तिक कारणासाठी बदलत्या दराने घेतलेल्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड घेता येत नाही. पैसे बोनसचे आहेत, गावाकडची जमीन विकून आलेले आहेत की दुसऱ्या बँकेतून आलेले आहेत, हे विचारून अडवता येत नाही.
- कर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

स्वतःचा अनुभव सांगतो. २०२२ च्या पावसाळ्यात माझ्याही कर्जाची मुदत एका बँकेने वाढवली आणि मला ती कळली पुढच्या मार्चमध्ये, कराचे कागद गोळा करताना. सात-आठ महिने गेले होते. तेव्हा हे नियम नव्हते. आता आहेत.

बँकेत जाऊन नेमकं काय करायचं?

१. आधी कर्जाचं ताजं स्टेटमेंट आणि पुढच्या हप्त्यांचं पूर्ण वेळापत्रक काढा. मोबाइल अ‍ॅपवर मिळतं, नाहीतर शाखेतून मागा. प्रत्येक हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती, ते त्यात दिसतं. मुद्दलाचा वाटा हप्त्याच्या पाचव्या हिस्स्यापेक्षा कमी असेल तर काहीतरी करायलाच हवं.

२. तोंडी बोलू नका. चार ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या. मजकूर असा चालेल: “माझ्या गृहकर्ज खात्याचा व्याजदर बदलला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मला हप्ता आणि मुदत यांचे पर्याय आकड्यांसह लेखी द्यावेत. मी हप्ता … रुपये करून मुदत कमी करू इच्छितो. तसेच माझ्या कर्जाचा सध्याचा मूळ दर, त्यावरचा अधिकचा टक्का आणि नव्या ग्राहकांना लागू असलेला दर कळवावा.”

३. हप्ता वाढवताना बँक खात्यातून आपोआप कापणीचा जो आदेश तुम्ही दिलाय त्याची कमाल मर्यादा पाहा. ती २५,००० असेल आणि हप्ता २६,००० झाला तर खात्यात पैसे असूनही हप्ता परत जातो, दंड लागतो आणि सिबिलवर डाग पडतो. आदेश नवा करून घ्या.

४. एकरकमी भरणा केला तर ‘मुदत कमी करा’ असं स्पष्ट लिहा. काही ठिकाणी न सांगता हप्ता कमी केला जातो.

५. सहकर्जदार असेल, बहुतेक घरांत पती-पत्नी दोघं असतात, तर दोघांनीही जा. सह्या दोघांच्या लागतात, आणि आकडे दोघांनाही ठाऊक असलेले बरे.

आणि कोरा किंवा अर्धवट भरलेला फॉर्म सही करून देऊ नका. घाई असली तरी, अधिकारी ओळखीचा असला तरी.

दर जास्त वाटतोय : बँक बदलावी का?

आधी स्वतःच्या बँकेला विचारा. किरकोळ फी घेऊन जुन्या ग्राहकाला नव्या दरावर आणण्याची सोय बहुतेक बँकांत असते. दुसऱ्या बँकेचं ऑफर लेटर हातात असेल तर हे काम लवकर होतं. तुमची बँक तुमच्या फायद्यासाठी अधिकचा टक्का कमी करू पाहत असेल तर तीन वर्षं थांबण्याची जुनी अटही आता आड येत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून ती सैल झाली आहे. एमसीएलआर किंवा बेस रेटवर असाल तर रेपोच्या कर्जावर जाण्याचाही अर्ज करा.

तरीही नकार मिळाला तर कर्ज दुसरीकडे न्या, पण खर्च मोजून. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, गहाणाचं मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशन, हे सगळं बेरजेला घ्या. माझा आडाखा असा की दहा वर्षांहून जास्त मुदत उरलेली असेल आणि दरात अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त फरक असेल तरच हा खटाटोप करावा. शेवटच्या पाच वर्षांत तर करूच नका, व्याजाचा मोठा भाग तेव्हा भरून झालेला असतो.

दोन सापळे आहेत. नवी बँक “मुदत पुन्हा वीस वर्षं करून देतो, हप्ता कमी होईल” म्हणेल. उरलेली मुदत सोळा असेल तर सोळाच ठेवा. आणि “वर पाच लाख टॉप-अप घ्या” म्हणेल. गरज नसेल तर नाही म्हणा.

स्थिर दराचं काय?

दर चढू लागले की लोक विचारतात, आता एकच दर बांधून घेऊ का? स्थिर दर बदलत्या दरापेक्षा जास्त असतो आणि कित्येकदा दोन-तीन वर्षांपुरताच स्थिर असतो. नंतर बँक तो बदलू शकते, करार नीट वाचा. मुदतीआधी फेडीचा दंड न लागण्याचं संरक्षणही प्रामुख्याने बदलत्या दराला आहे. शिवाय हा पर्याय देणं आता बँकेच्या मर्जीवर आहे. माझ्या मते पंधरा-वीस वर्षांच्या कर्जाला बदलता दर आणि हाताशी सहा हप्त्यांची शिल्लक, हेच बरं.

नवं घर घेणाऱ्यांना

सिंहस्थाच्या निमित्ताने २०२६-२७ मध्ये शहरात पैसा येईल, भाव चढतील, असं प्रत्येक साइट ऑफिसात ऐकायला मिळतं. घर राहायला हवं असेल तर जरूर घ्या. पण हप्त्याची परीक्षा आजच्या दराने करू नका. आजच्या दरात अडीच टक्के मिळवा, २०२२-२३ मध्ये नेमकं तेवढंच झालं होतं, आणि त्या दराने येणारा हप्ता घरखर्च भागवून देता येतो का ते पाहा. ओव्हरटाइम, इन्सेंटिव्ह, भाड्याचं उत्पन्न यात धरू नका. तेजीत मिळणारे हे पैसे मंदीत आधी बंद होतात.

बँकेकडून ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे. फी आणि सगळे खर्च धरून पडणारा खरा वार्षिक दर त्यात असतो. दोन बँकांची तुलना त्या आकड्यावर करा, जाहिरातीतल्या आकड्यावर नको.

लघुउद्योजक आणि शेतकरी

अंबड-सातपूरच्या छोट्या कारखानदारांची बँकांकडची बदलत्या दराची कर्जंही बाह्य मापदंडाशी जोडलेली आहेत, म्हणून रेपो वाढला की कॅश क्रेडिटचं व्याजही लगेच वाढतं. इथे हप्ता किंवा मुदतीचा प्रश्नच नसतो, व्याज दरमहा खात्याला लागतं. उपाय एकच, येणी लवकर वसूल करा आणि पडून असलेला माल कमी करा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर मोठ्या व्यापारी बँका सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडूनही मुदतीआधी फेडीचा दंड घेऊ शकत नाहीत. कर्ज नूतनीकरणाला येईल तेव्हा हे लक्षात ठेवा.

निफाड, दिंडोरीच्या शेतकरी वाचकांनी दोन कर्जं वेगळी ओळखावीत. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्य सरकारच्या व्याजसवलतीमुळे राज्यात ते शून्य टक्क्याने पडतं. रेपोची वाढ तिथे पोहोचत नाही, पण परतफेडीची तारीख चुकली की सवलत जाते. द्राक्षबाग उभारणीचं, शेडनेटचं, ट्रॅक्टरचं मुदतकर्ज मात्र वेगळं. त्याचा दर कसा बदलतो ते करारात पाहा. हातात पैसे आले तर आधी पीककर्जाची तारीख सांभाळा आणि मग मुदतकर्जात जादा भरा.

ठेवीदारांनी काय करावं?

दर वाढताना कर्जाचं व्याज लगेच वाढतं, ठेवीचं हळूहळू. म्हणून वाढीच्या सुरुवातीला सगळी रक्कम पाच वर्षांसाठी अडकवू नका. एक, दोन, तीन वर्षांचे भाग करा. दर वरच्या टोकाला पोहोचून थांबलेत असं दिसलं की लांब मुदत घ्या. २०२३-२४ मध्ये ज्यांनी लांब मुदतीच्या ठेवी केल्या, त्यांना २०२५ च्या कपातीची झळ लागली नाही. ज्येष्ठांसाठी सरकारच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि ठेवताना असलेला दर पाचही वर्षं तोच राहतो.

जास्त दराच्या मोहात मात्र सांभाळा. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँका धरून, प्रत्येक बँकेमागे एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. निवृत्तीचे पैसे एक-दीड टक्क्यासाठी तिथे नेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. जिल्हाभर अशी घरं पाहिली आहेत जिथे आईच्या ऑपरेशनच्या वेळी ठेवीची पावती नुसता कागद ठरली.

बँक ऐकत नसेल तर

- शाखेला लेखी तक्रार द्या. पोच किंवा तक्रार क्रमांक घ्या.
- ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. तक्रार ऑनलाइन करता येते, टपालानेही. फी लागत नाही, वकील लागत नाही.
- माहितीसाठी १४४४८ हा टोल-फ्री क्रमांक आहे.
- सोबत जोडा : सँक्शन लेटर, दर बदलाच्या आधीचं आणि नंतरचं वेळापत्रक, तुमचा अर्ज आणि पोच. दोन वेळापत्रकं शेजारी ठेवली की मुदत कधी आणि किती वाढली ते कुणालाही दिसतं.
- तक्रार लांबवू नका, आणि तक्रार चालू असताना हप्ता थांबवू नका.

ते सातपूरचे वाचक दोन आठवड्यांनी पुन्हा आले होते. अर्ज दिला होता, पोचेवर शाखेचा निळा शिक्का होता. हप्ता २६,००० केला होता आणि कापणीचा आदेश ३०,००० चा करून घेतला होता, पुढे दर वाढला तर पुन्हा फेरी नको म्हणून. नवं वेळापत्रक त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवलं होतं. शेवटच्या ओळीत आता १९३ हप्ते होते.